उंचीचे मोल

एखाद्याच्या अंगी गुण आहे म्हणून त्याला कोणी आपल्याकडे बोलावले, तर त्या बोलावण्यात सन्मान किती आणि सौदा किती? गवई आणि मल्ल यांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही तो उभा राहतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

समजा, हर्सूलचा एक मुलगा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावरचे हे जुने गाव आता शहरात मिसळून गेले आहे. तळे आणि कारागृह या दोन खुणांनी बाहेरची माणसे ते ओळखतात. मुलगा दहावी झाला. गुण बेताचे, पण उंची सहा फुटांच्या वर आणि हात लांब. सतरा वर्षांखालील शालेय स्पर्धेत बास्केटबॉल खेळताना तो एका प्रशिक्षकाच्या नजरेत भरला. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते. चेंडू टाकायला शिकवता येते, उंची शिकवता येत नाही. म्हणून प्रशिक्षक घरी येतात. चहा होतो. "काका, पोराला आमच्या ज्युनिअर कॉलेजात घाला. फी, होस्टेल, बूट, सगळं आमच्याकडे लागलं." वडील अदबीने विचारतात, "सर, पण अभ्यासाचं कसं?" "ते होतं हो. त्याची काळजी करू नका."

या बोलावण्यावर पहिला आक्षेप येतो तो शेजारच्या घरातून. त्यांच्या मुलीला याच्यापेक्षा कितीतरी अधिक गुण आहेत आणि तिला तेच कॉलेज मिळालेले नाही. अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. मग उंचीला बक्षीस आणि अभ्यासाला शिक्षा, हा कुठला न्याय? आक्षेप वजनदार आहे, पण पुरता खरा नाही. उंची ही दैवाची देणगी, हे कबूल. परंतु तल्लख स्मरणशक्ती ही तरी कोणी कमावलेली असते काय? घरात शांत खोली असणे, शिकलेली आई असणे, हेही दैवच. दैवावर आपले असे जे काही चढते, ते श्रमाने. आणि पहाटे उठून मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाचे श्रम गणिते सोडवणाऱ्या मुलीच्या श्रमांहून हलके नाहीत. जागा जर खरोखरच खेळणाऱ्याला मिळत असेल, तर तिच्यात अन्याय नाही. अन्याय होतो तो न खेळलेल्याला मिळते तेव्हा. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आली आहेत. त्यांनी शेजारच्या मुलीची तर फसवणूक केलीच, पण हर्सूलच्या मुलाच्या घामावरही संशयाची सावली पाडली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मुलाच्याच बाजूचा आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, असे कान्टने सांगितले. इथे कॉलेजला हवी आहे ढाल, आणि मुलगा आहे ती मिळवण्याचे साधन. या खेळाचा जन्म मात्र अगदी उलट हेतूने झाला. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात कोंडलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना व्यायाम मिळावा म्हणून, फळांच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. तेव्हा मुलांसाठी खेळ होता. पुढे खेळासाठी मुले शोधण्याची वेळ आली. त्याच देशात दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे आज शिष्यवृत्त्या देऊन खेळाडू मिळवतात. तिथेही व्यवहारच आहे. पण काय देणार आणि काय घेणार, हे बऱ्याच अंशी कागदावर असते. आपल्याकडे तो चहाच्या कपाबरोबर होतो. अध्याहृत राहते ते नेमके महत्त्वाचे: मुलाचा गुडघा मोडला तर?

कनिष्ठ महाविद्यालयाची वर्षे दोनच. एकोणीस वर्षांखालील संघात मुलगा खेळेल तो तेवढाच काळ. त्या दोन वर्षांत एक दुखापत झाली की आठ महिने जातात. त्या आठ महिन्यांत वसतिगृहातली खाट त्याचीच राहते काय? बुडालेला तास कोणी पुन्हा शिकवतो काय? या प्रश्नांच्या उत्तरावरच ठरते, की बोलावले होते ते मुलाला की त्याच्या उंचीला.

महाराष्ट्राच्या स्मरणात याचे एक उत्तर आहे. खाशाबा जाधव 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा पैशांची तजवीज नव्हती. ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले होते, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण क्षणभर समजा, ते हात हलवीत परतले असते. म्हणून प्राचार्यांची कृती उणी ठरली असती काय? मुळीच नाही. पदकाने घर सुटत नव्हते आणि कॉलेजच्या कपाटात ढालही येत नव्हती. जिथे देणाऱ्याचा हिशेब निकालावर अवलंबून नसतो, तिथे सौदा संपतो आणि शिक्षण सुरू होते.

प्रत्येक प्रशिक्षकाने घर गहाण ठेवावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. व्यवहार असू द्यावा; व्यवहारात हीनता नाही. कॉलेजला ढाल मिळावी, मुलाला शिक्षण मिळावे, दोघांनीही एकमेकांचे साधन व्हावे. आक्षेप आहे तो 'केवळ' या शब्दाला. मुलानेही एक गोष्ट समजून घ्यावी. त्याला मिळालेली जागा हे शरीराने फेडायचे कर्ज नव्हे. मन लावून खेळणे हे त्याचे कर्तव्य आहे. दुखऱ्या पायावर सुई टोचून घेऊन अंतिम सामन्यात उतरणे हे कर्तव्य नाही. आणि बारावीनंतर त्याला खेळ सोडून वीजतंत्रीचे काम शिकावेसे वाटले, तर तो कृतघ्न ठरत नाही.

म्हणून हर्सूलच्या त्या वडिलांनी बुटांची किंमत विचारू नये. त्यांनी एवढेच विचारावे: "सर, गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या संघातून दुखापतीने बाहेर पडलेला मुलगा आज काय करतो?" ज्या प्रशिक्षकाला त्या मुलाचे नाव आणि ठावठिकाणा आठवतो, त्याच्या हाती आपला मुलगा निर्धास्तपणे सोपवावा.