कोणाची शाळा सुटली?

दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये विहाराविहारात सत्काराचे बोर्ड लागतात. पोराले एक पुष्पगुच्छ, वही-पेन आणि दोन तास भाषण. भाषणात एक प्रश्न आणि एक धमकी ठरलेली. प्रश्न असा : बाबू, पुढं का बनशीन? धमकी अशी : काहीही बन, पण समाजाचं ऋण विसरू नको! मग आग्र्याचा दाखला येतो. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल दुःखानं बोलले होते. ते दुःख उचलून सतरा वर्षांच्या लेकरांवर फेकलं जातं. ज्यानं अजून एक रुपया कमावला नाही त्याला आधीच धोकेबाज ठरवून ठेवायचं, ही कुठली रीत?

मला या ऋणाची उलटतपासणी करायची आहे. ऋण हा शब्दच आपला नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण असा माणसाच्या जन्माआधीच त्याच्या मानेवर हिशेब मांडून ठेवणारा धर्म आपण 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात सोडला. तेच जू 'समाजऋण' नाव देऊन पुन्हा पोरांच्या मानेवर का? स्कॉलरशिपचं म्हणाल तर तेही ऋण नव्हे. मॅट्रिकनंतरची स्कॉलरशिप 1944 पासून आहे आणि ती कोणाची दया नाही. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवल्या, त्यांच्या हक्काचा तो पैसा. त्यासाठी कोणापुढे वाकायचं काम नाही. हार घालणाऱ्या पुढाऱ्यापुढे तर नाहीच नाही.

मग पोरगं मोकळं झालं का?

यंदा बारावी झालेला एक पोरगा मला म्हणाला, "काका, माझ्यावर कोणाचं काही नाही. मी कोणाले काही मागतलं नाही." त्याची मोठी बहीण आठवीतून घरी बसली. माय लोकांच्या घरी धुणीभांडी करायची, धाकट्यांना पाहायला कोणी तरी पाहिजे होतं. मी म्हटलं, "आणि तिचं?" तो म्हणाला, "मी थोडंच म्हटलं होतं तिले घरी बसवा म्हणून?"

बरोबर आहे. त्यानं म्हटलं नव्हतं. पण तिनं तरी कुठं म्हटलं होतं? आपण म्हणतो, बहिणीनं त्याग केला. अरे, त्याग करायला आधी कोणी विचारावं लागते! आठवीतल्या पोरीला कोण विचारते? एका सकाळी दप्तर खुंटीला लागलं, संपलं. तिनं दिलं नाही, तिच्याकडून घेतलं. न मागता केलेला उपकार फेडायचा की नाही यावर वाद घालता येतो. घेतलेल्या वस्तूचं तसं नाही. घेणारा तू नसशील, बाप असेल, गरिबी असेल, बापाला कधी पुरेशी मजुरी न देणारी ही व्यवस्था असेल. पण वस्तू आज तुझ्याजवळ आहे. तू चोर नाहीस म्हणून ती तुझी होत नाही.

बाबासाहेबांच्या मॅट्रिककडेही मी असंच पाहतो. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते पास झाले, 750 पैकी 282 मार्क. आजच्या सत्कारात एवढ्या मार्कांना कोणी स्टेजवर चढू देणार नाही. तेव्हाही सत्कार झाला, सी. के. बोले अध्यक्ष होते, केळुस्कर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. हे आपल्याला पाठ आहे. पण दोघांना शिकवणं परवडेना म्हणून भावाची शाळा सुटली, पुस्तकांसाठी रामजींनी लग्न झालेल्या लेकींचे दागिने गहाण टाकले, हे कोण सांगते? पेन्शन आली की दागिने सुटायचे. भावाची शाळा मात्र सुटली ती सुटलीच.

आणि आपल्या नागपूरच्या जाईबाई चौधरी. डोक्यावर ओझी वाहणारी बाई. एका मिशनरी बाईनं तिला अक्षर शिकवलं, शिक्षिकेची नोकरी लागली. अस्पृश्य बाई आमच्या लेकरांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी ओरड केली, नोकरी गेली. बाई पुन्हा हमालीला लागली. तिच्यावर समाजाचं कोणतं ऋण होतं? काहीच नव्हतं. तरी 1922 मध्ये तिनं नागपुरात पोरींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. तिनं कोणासाठी काढली पाहा : ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांच्यासाठी.

म्हणून मी त्या पोराला समाजाचं काही बोललो नाही. समाज फार मोठा शब्द आहे, त्याच्यामागं लपायला सोपं जाते. इंजिनिअर झाल्यावर समाजासाठी काही करीन म्हणणारा राखीला बहिणीला साडी देतो आणि हिशेब मिटवतो. शाळेच्या बदल्यात साडी! मी त्याला एवढंच सांगितलं, सतरा नंबरचा फॉर्म असते. पाचवी पास असली तरी बाहेरून दहावीला बसता येते. फी तू भर, पुस्तकं तुझीच आहेत, ती रद्दीत घालू नको. ती अभ्यासाला बसली की तिची लेकरं तू सांभाळ, जशी तिनं तुम्हाला सांभाळलं.

तो म्हणाला, "ते नाही म्हणीन, काका. आता तिले दोन पोट्टे आहेत."

म्हणू दे. नाही म्हणायचा हक्क तिचा आहे. पण विचारलं का?

"नाही," म्हणाला.