जातो म्हणणारा व जाणारा



प्रभूने सांगितलेला दोन पुत्रांचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. बापाने दोघांसही द्राक्षमळ्यात कामास जाण्यास सांगितले. पहिल्याने तोंडावर नकार दिला, परंतु मागाहून पस्तावून तो गेला. दुसऱ्याने मोठ्या आदराने होकार दिला, परंतु त्याचे पाऊल मळ्याकडे वळले नाही. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत खपणाऱ्या माणसास ह्या दाखल्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. फळ उतरविण्याच्या दिवशी झाडाखाली कोण हजर होता, हेच तेथे पाहिले जाते.

मनुष्याचे म्हणणे एक व करणे दुसरे, असे का व्हावे, ह्याचा शोध मानसशास्त्राच्या पंडितांनीही घेतला आहे. अमेरिकेत चिनी लोकांविषयी फार तिटकारा होता, त्या काळची गोष्ट. १९३० साली रिचर्ड लापिएर नावाच्या अध्यापकाने एका चिनी जोडप्याबरोबर त्या देशात प्रवास आरंभिला. २५१ उतारशाळांत व खाणावळींत ते गेले. केवळ एका ठिकाणी त्यांस नकार मिळाला. पुढे त्याच मालकांस त्याने पत्रे धाडून विचारले की, तुम्ही चिनी पाहुण्यास घ्याल काय? ज्यांनी उत्तर दिले त्यांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिकांनी 'नाही' असे लिहिले. हे पहिल्या पुत्राचे भाऊबंद होत.

दुसऱ्या पुत्राचे भाऊबंदही सापडले, आणि तेही धर्मशिक्षणाच्या शाळेत. प्रिन्स्टन येथे पाळक होऊ पाहणाऱ्या ४० विद्यार्थ्यांची डार्ली व बॅटसन ह्यांनी परीक्षा घेतली. तिचे वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले. कित्येकांस चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच भाषण करावयाचे होते. भाषणाच्या जागी जाताना वाटेत एक मनुष्य कण्हत पडलेला त्यांस दिसेल, अशी योजना केली होती. ज्यांस घाई नव्हती त्यांपैकी शंभरांत ६३ थांबले. ज्यांस फार घाई होती त्यांपैकी शंभरांत अवघे १०. मुखी शोमरोन्याचा दाखला असल्याने विशेष फरक पडला नाही. त्यांचे अंतःकरण दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. चांगली भावना होती, परंतु तिला वेळ दिलेला नव्हता.

आता आपल्या भूमीकडे वळू या. ह्या तालुक्यांतील वारली बांधवांची वेठ कोणास ठाऊक नव्हती असे नाही. सायमिंग्टन साहेबांनी १९३९ च्या सरकारी अहवालात तिचे वर्णन केले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी राबत; त्यांस लग्नगडी म्हणत. अहवाल झाला, तरी वेठ चालूच राहिली. मग २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे ५,००० वारली जमले. वेठीस जाणार नाही, रोजी बारा आणे रोख मिळाल्यावाचून जमीनदाराच्या खाजगी शेतात राबणार नाही, असे त्यांनी ठरविले. आणि ठरविल्याप्रमाणे केले. थोड्याच काळात लग्नगडी मोकळे झाले. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाड्यास गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तरी वेठ परत आली नाही.

ह्यात एक मर्म आहे. भय आधी जाईल व मग आपण उभे राहू, अशी वाट त्यांनी पाहिली असती तर ते आजही वाकलेलेच असते. ते उभे राहिले, तेव्हा भय गेले. करणी व समजूत ह्यांचा मेळ बसला नाही म्हणजे मन अस्वस्थ होते, आणि पुष्कळदा मनुष्य आपली समजूतच करणीप्रमाणे बदलतो, असे फेस्टिंगर नावाच्या पंडिताने १९५७ साली मांडले. हाताने धरलेली वाट अंतःकरणही मग धरते.

आणखी एक गोष्ट, जी ऐकण्यास जड जाईल. झरीस लोकांबरोबर उभे राहिले ते शामराव व गोदावरी परुळेकर लाल बावट्याचे होते. देवाच्या नावाला त्यांनी होकार दिला नव्हता. परंतु जखमी मनुष्याजवळ कोण थांबले? शोमरोनीही परकाच होता. याजक व लेवी मात्र आपले होते.

म्हणून, बंधूंनो, आजचा प्रश्न आजच विचारू या. १९७६ च्या कायद्याने कर्जापायी माणसास कामास बांधून ठेवणे हा गुन्हा ठरला. तरीही दरसाल पावसाळा सरला की ह्याच पाड्यांतून कुटुंबे आगाऊ रक्कम उचलून वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात. तुम्ही मुकादम असाल, तर त्या रकमेचा हिशेब मजुरास वाचून दाखविता काय? तुमच्या वाडीत बाई पुरुषाएवढेच काम करते, तर तिची मजुरी पुरुषाएवढी आहे काय? आणि पोरे आईबापांबरोबर भट्टीवर निघाली, तर त्यांस शाळेसाठी आपल्या घरी ठेवून घेणारा मंडळीत कोणी आहे काय?

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. सभेत वर झालेले हात मोजून समाधान मानू नका. कोण, कोणत्या वारी, कोणाच्या घरी जाणार व काय करणार, एवढे विचारून घ्या, आणि त्या वारी स्वतः त्याच्या सोबतीस जा. मोघम होकार सोमवारच्या घाईत विरून जातो. वार व घर ठरले म्हणजे पाय उचलतो.

जक्कयाने प्रभूस आपल्या घरी घेतले, तेव्हा आपले मन पालटल्याचे लांबलचक वर्णन त्याने केले नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्यास चौपट परत, असा आकडा त्याने सांगितला. आपणही ह्या आठवड्यात एक घर व एक देणे ठरवू या, आणि शनिवारच्या आत ते फेडू या.