शेंगा, टरफले आणि पाच रुपये

पाप नेमके कितव्या वर्षापासून लागायला सुरुवात होते, हा प्रश्न मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पडला. इतक्या उशिरा पडण्याचे कारण एवढेच, की तोवर त्याची गरज भासली नव्हती. स्वतःच्या पापांचा हिशेब माणूस सहसा मांडत नाही, आणि दुसऱ्याच्या पापांना तो वयाची सवलत देत नाही. पण प्रश्न नातवाचा आला की भलेभले पुराणे आणि कायद्याची पुस्तके उघडून बसतात. मी तर छत्तीस वर्षे ऑडिट खात्यात काढलेली आहेत.

आम्ही राहतो वाघोलीला. वाघोली म्हणजे पूर्वी वाघेश्वराचे देऊळ, पिलाजी जाधवरावांची समाधी आणि नगर रस्त्याच्या कडेच्या दगडाच्या खाणी. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले आणि आम्ही रीतसर पुणेकर झालो. पाणी मात्र अजून टँकरने येते आणि रस्त्यावरची वाहने तर बहुधा येतच नाहीत, नुसती उभी असतात.

आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत सिस्टर लोकांची एक लहानशी प्राथमिक शाळा आहे. चार वर्ग, चार बाई, एक हेडसिस्टर आणि एक पितळी घंटा. संगणक कंपनीत जाणाऱ्याची मुलगी आणि खाणीवर दगड फोडणाऱ्याचा मुलगा तिथे एका बाकावर बसतात आणि मधल्या सुटीत एकमेकांचा डबा संपवतात. कॅथलिक म्हटले की गोव्याचे आणि गिटार वाजवणारे, अशी माझी हिंदी सिनेमाच्या कृपेने झालेली समजूत होती. या शाळेतली कॅथलिक कुटुंबे निघाली नगर जिल्ह्यातली. त्यांच्या आया फाटकाशी उभ्या राहून "आरं, डबा घेतला का?" असे ओरडतात. हेडसिस्टर राहुरीकडच्या. त्यांचे मराठी माझ्या सुनेच्या मराठीपेक्षा कितीतरी चांगले आहे. (हे वाक्य सुनेने वाचू नये.)

शाळेचा आठवडा ठरलेला. सोमवारी प्रार्थनेनंतर आठवड्याचा संकल्प. 'या आठवड्यात मी रांगेत ढकलाढकली करणार नाही' असा संकल्प सोडून मुले ढकलाढकली करत वर्गात जातात. मंगळवारी ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात आणि उरलेली मॉरल सायन्सला. आपल्या घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे अशा शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण देता येत नाही, म्हणून ही वाटणी. नीतीला मात्र कुणाची संमती लागत नाही. त्या विषयाला चाचणीही असते. मागच्या सहामाहीत एक विद्यार्थी त्या चाचणीत कॉपी करताना सापडला. त्याला प्रामाणिकपणाची व्याख्या आठवत नव्हती. गुरुवारी प्रत्येकाने घरून मूठभर तांदूळ आणायचे, ते एका वृद्धाश्रमाला जातात. शुक्रवारी कवायत. आणि शनिवारी अर्धी शाळा व दुकानाचा हिशेब.

हे दुकान म्हणजे व्हरांड्यातले एक फडताळ. त्यात पेन्सिली, खोडरबरे, शार्पनर असा माल. प्रत्येक वस्तू पाच रुपये. शेजारी एक पत्र्याची पेटी. दुकानाला दुकानदार नाही. ज्याने त्याने वस्तू घ्यावी आणि पेटीत नाणे टाकावे. दर शनिवारी दोन पालकांनी येऊन माल मोजायचा, पैसे मोजायचे आणि वहीत आकडे लिहायचे. मी निवृत्त हिशेब तपासनीस आहे असे कळल्यावर सिस्टरनी मला महिन्यातले दोन शनिवार देऊन टाकले.

एका शुक्रवारी संध्याकाळी नातवाच्या दप्तरात मला स्ट्रॉबेरीच्या वासाचे एक कोरे खोडरबर सापडले.

"हे कुठून आणलंस?"

"दुकानातून."

"आणि पैसे?"

"दुकानात कुणी नव्हतंच ना, आजोबा. कुणाला देणार?"

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड आहे. पाहणारा कोणी नसेल तर चोरी ही चोरी असते का, यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. आमच्या नातवाने तो प्रश्न दूध पिता पिता निकालात काढला आणि तो खेळायला पळाला.

मी मात्र अस्वस्थ झालो. त्याचे वय त्या दिवशी सहा वर्षे, अकरा महिने आणि नऊ दिवस होते. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. आमच्या भारतीय दंड संहितेत, १८६० सालापासून, सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नसे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण सात वर्षे तशीच राहिली. आणि गंमत म्हणजे रोमलाही हाच आकडा पसंत आहे. दहावे पायस या पोपनी १९१० साली ठरवून दिले, की मूल साधारण सात वर्षांचे झाले म्हणजे त्याला बरेवाईट कळू लागते, तेव्हा त्याला पापाची कबुली आणि पहिले कम्युनियन द्यायला हरकत नाही. म्हणून दुसरीतली ख्रिस्ती मुले सध्या पहिल्या कबुलीच्या तयारीत आहेत आणि त्यांच्यामुळे सबंध वर्गालाच पापाची गोडी लागली आहे. मध्यंतरी नातू घरी येऊन म्हणाला, "आजोबा, माझ्या मित्राकडे अकरा पापं आहेत. माझ्याकडे किती?" त्याच्या आवाजात हेवा होता. मी म्हटले, "आपल्याकडे अशी मोजत नाहीत." तो हिरमुसला.

आपल्याकडे मोजत नाहीत हेही खरे नाही. महाभारतातल्या मांडव्य ऋषींची गोष्ट आठवा. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला, ऋषींचे मौन होते, राजाने त्यांना चोरांबरोबर सुळावर चढवले. ते मेले नाहीत. पुढे त्यांनी यमधर्माला गाठून जाब विचारला, की ही शिक्षा कशाबद्दल? यमधर्माने खाते उघडले आणि सांगितले, की लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती. मांडव्य संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा! त्यांनी यमधर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर. आणि तिथल्या तिथे नियम करून टाकला, की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही. म्हणजे पोप आणि इंग्रज सरकार यांच्यापेक्षा आमचे ऋषी बरोबर दुप्पट उदार. अर्थात ते सुळावर जाऊन आलेले होते, त्यामुळे त्यांना विषयाची माहिती अधिक.

अशा रीतीने पोप, पिनल कोड आणि महाभारत हे तिन्ही आमच्या बाजूचे निघाले. नातू निर्दोष होता. तरी मी शनिवारी सकाळी शाळेत पोचल्याबरोबर, इकडेतिकडे पाहून, खिशातले पाच रुपयांचे नाणे पेटीत टाकले. नाणे पत्र्यावर इतके मोठ्याने वाजले, की मला वाटले वाघेश्वराच्या देवळात ऐकू गेले असेल.

मग मी आणि पहिलीतल्या एका मुलीची आई, असे मोजायला बसलो. माल गेला होता सदतीस नगांचा. म्हणजे एकशे पंच्याऐंशी रुपये. पेटीत निघाले दोनशे पाच.

मी पुन्हा मोजले. दोनशे पाच. माझे पाच मला ठाऊक होते. उरलेले पंधरा कुणाचे? मी समोर पाहिले. त्या बाई पेटीचे झाकण पदराने पुसत होत्या. ते अगदी स्वच्छ होते.

सिस्टर वही घ्यायला आल्या. आकडे पाहून हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही ऑडिटवाले. रोकड जास्त निघाली तर तुम्ही काय शेरा मारता?"

माझी मान खाली गेली. रोकड कमी निघणे हा जसा दोष, तसाच जास्त निघणे हाही दोष, हे वाक्य मी नोकरीत शेकडो कारकुनांना ऐकवले होते. जास्तीच्या रोकडीमागे काहीतरी दडवलेले असते.

"पहिल्या वर्षी आम्हीच मोजत होतो," सिस्टर म्हणाल्या, "तेव्हा दर आठवड्याला दहा-पंधरा रुपये कमी यायचे. मग दोन-चार दिवसांनी एखादं पोरगं यायचं, डोळे पुसत नाणं टाकून जायचं. मी दाराआडून बघायची. पालक मोजायला लागल्यापासून पेटीत कधी तूट नाही. आणि रडत कुणी येतही नाही."

मी बचावासाठी टिळकांना पुढे केले. पुणेकराचा तो शेवटचा आसरा. म्हटले, "सिस्टर, शेंगांची गोष्ट तुम्हीही शिकवता ना? मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही, असं लहानगे टिळक मास्तरांना म्हणाले, असं सांगतात. मोठी माणसं तशी असतात. आम्ही आजोबा लोक उलटे. शेंगा न खाता टरफलं उचलतो."

सिस्टर क्षणभर भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहत राहिल्या. "दुसऱ्याची टरफलं उचलणाऱ्याला नावं ठेवायची आमची छाती नाही, आजोबा," त्या म्हणाल्या, "आमचा सगळा धर्मच त्यावर उभा आहे. पण शेंगा कुणी खाल्ल्या ते खाणाऱ्याला कळू तरी द्यावं."

आणि त्या घंटा द्यायला निघून गेल्या.

घरी येताना माझ्या डोक्यात गांधीजी आले. पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला, मग राहवेना, म्हणून वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली दिली. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ती फाडून टाकली. आत्मचरित्रातली ही हकिकत आपण सारे जाणतो. आजवर मी तिच्यात मुलाचे धैर्य पाहत आलो. त्या दिवशी नगर रस्ता ओलांडायला वाट पाहत उभा असताना (म्हणजे बराच वेळ) मला करमचंद गांधींचे काम दिसले. समजा, त्यांना आधीच सुगावा लागला असता आणि त्यांनी सोनाराकडून गुपचूप तुकडा सोडवून आणला असता, तर? घराची अब्रू राहिली असती, हिशेब चोख जमला असता, आणि ती चिठ्ठी लिहिलीच गेली नसती. मुलाला शिक्षा न करणे ही माया. पण त्याची चूक त्याच्या हातून काढून घेऊन आपल्या खिशात घालणे ही कसली माया? ती बहुतेक आपल्याच अब्रूची काळजी. मी नाणे टाकले ते नातवासाठी नव्हतेच. ऑडिटरचा नातू म्हणून जो लौकिक होईल, त्याची ती पाच रुपयांत केलेली सोय होती.

संध्याकाळी मी नातवाला सगळे सांगितले. पोप आणि पिनल कोड वगळून. दुकानात कुणी नसले तरी पेन्सिली कुणीतरी विकत आणून ठेवलेल्या असतात, हे त्याला नवीन होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण तुम्ही भरलेत ना पैसे?"

"भरले."

"मला न विचारता?"

आजवर माझ्या कामावर इतका नेमका आक्षेप कुणी घेतला नव्हता.

सोमवारी त्याने आपल्या मातीच्या गल्ल्यातून, सुरीचे टोक घालून, पाच रुपये काढले. (त्या खटपटीत गल्ला फुटला. त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पाच रुपयांच्या रबरापायी चाळीस रुपयांचा गल्ला गेला. तुमचं ऑडिट आवरा आता.") शाळेत जाऊन त्याने पैसे पेटीत टाकले आणि सिस्टरना सांगितलेही. रडला की नाही, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. संध्याकाळी मात्र तो मित्राला मोठ्या अभिमानाने सांगत होता, की आता माझ्याकडेही एक आहे.

मग तो माझ्याकडे वळला. "आजोबा, आता तुमचे पाच जास्त झाले. ते काढून घ्या."

हिशेबाला हे अगदी बरोबर होते. पुढच्या माझ्या शनिवारी मी शाळेत गेलो. व्हरांड्यात कोणी नव्हते. पेटी समोर होती. माझेच पाच रुपये मला परत घ्यायचे होते. पण एका अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थाने मुलांच्या दुकानातल्या पेटीत हात घालून नाणे काढावे आणि नेमके तेव्हा कुणी पाहावे, तर त्याचा खुलासा काय करायचा? सिस्टरकडे जाऊन सांगणे हा एक मार्ग होता. सात वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाने तो सोमवारी चोखाळला होता. मी दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

त्या दिवशी वहीत मी रोकड जास्त असल्याचा शेरा मारला. कारणाच्या रकान्यात काही लिहिले नाही.

नातवाला आता सात पूर्ण झाली आहेत. तो रोज विचारतो, "घेतलेत का पैसे?" मी रोज "उद्या" म्हणतो. सातच्या आतल्यांना कायद्याने माफी आहे, चौदाच्या आतल्यांना मांडव्य ऋषींनी दिली आहे. पासष्टच्या पुढच्यांसाठी काही सवलत आहे का, ते मी सध्या शोधतो आहे.