शरण आलेल्याला कुठवर आत घ्यायचं?

साखरीनाट्याच्या बंदरावर मासळी उतरली की कुत्री गोळा होतात. जाळ्यातून झाडलेली बारीक मासळी, फेकलेली डोकी, एखाद्या खलाशाच्या डब्यातली उरलेली भाकरी, एवढ्यावर त्यांचं पोट चालतं. ती कुणाच्या मालकीची नसतात आणि कुणी त्यांना हाकलूनही देत नाही. मग १ जून उजाडतो. ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद होते, होड्या नांगरून किंवा वर ओढून ठेवल्या जातात आणि बंदरावरची वर्दळ थांबते. माणसांच्या मनातली दया या दोन महिन्यांत आटत नाही. पण ती ज्या वाटेने कुत्र्यापर्यंत पोहोचायची, ती वाट बंद होते.

राजापूर तालुक्यातल्या नाटे आणि साखरीनाटे या किनारी गावांत धर्मविचारातला एक जुना प्रश्न असा रोजच्या व्यवहारात भेटतो. प्राणिमात्रांवर दया करा, असं बहुतेक सगळे धर्म सांगतात. ही दया सगळ्यांना थोडी थोडी वाटायची, की कुणा एकाची पूर्ण जबाबदारी घ्यायची? दारात आलेल्याला घास घातला म्हणजे कर्तव्य संपलं, की तिथून ते सुरू होतं?

भटक्या कुत्र्यांच्या निवारा केंद्रातल्या एका विशिष्ट प्रकारच्या कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. ते चार-पाच वर्षांचं, गावठी, शांत असतं. कधीतरी गाडीखाली सापडलेलं असतं, किंवा मालकाने घर बदलताना मागे सोडलेलं असतं. त्याच्यावर उपचार झालेले असतात, नसबंदी झालेली असते, रेबीजची लस टोचलेली असते. ते भुंकत नाही, अंगावर येत नाही, जाळीपाशी धावून लक्ष वेधून घेत नाही. कुत्रं न्यायला आलेलं कुटुंब मात्र सरळ पिल्लांकडे जातं. ज्या सौम्यपणामुळे ते घरात राहायला सर्वांत योग्य, त्याच सौम्यपणामुळे ते नजरेतून सुटतं.

भारतीय परंपरेने कुत्र्याला उपाशी ठेवलं नाही, पण त्याची जागा उंबऱ्याबाहेर ठरवून ठेवली. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात घरच्या अन्नातून कुत्रे, कावळे, कृमी यांच्यासाठी आणि समाजाने बहिष्कृत केलेल्या माणसांसाठीही जमिनीवर वाटा ठेवायला सांगितलं आहे. त्याच अध्यायात श्राद्धाच्या जेवणावर कुत्र्याची नजर पडू देऊ नये, असंही बजावलं आहे. म्हणजे घास द्यायचा, जवळीक द्यायची नाही. कुत्र्याला आणि बहिष्कृत माणसाला एकाच ओळीत बसवणारी ही व्यवस्था दयाळू दिसते. पण आत कोण आणि बाहेर कोण, हे तिने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

संतांनी आणि लोकदैवतांनी ही रेघ पुसट केली. दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि भाविक त्यांना चार वेद मानतात. जेजुरीच्या खंडोबासोबत कुत्रा असतो. नामदेवांची गोष्ट तर महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते: कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल म्हणून. पण या गोष्टीतही तूप लावून झाल्यावर कुत्रा कुठे गेला, ते कुणी सांगत नाही.

ते सांगण्याचं धाडस महाभारताने केलं आहे.

महाप्रास्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी राज्य सोडून निघतात, तेव्हा एक कुत्रा आपणहून त्यांच्यासोबत चालू लागतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. उरतात युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला मागे ठेवायला सांगतो, कारण कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर नकार देतो. इंद्र अडवतो: भावांना आणि पत्नीला वाटेत सोडलंस, मग या कुत्र्याचाच मोह का? युधिष्ठिराचं उत्तर नीट ऐकण्यासारखं आहे. ते मेले होते, त्यांना जिवंत करणं माझ्या हाती नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आधाराने आला आहे. अशाला टाकणं म्हणजे शरणागताला शत्रूच्या हाती देणं, स्त्रीहत्या करणं, ब्राह्मणाचं धन लुबाडणं आणि मित्रद्रोह करणं, या चार पापांच्या तोडीचं आहे, असं तो सांगतो.

हा कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे त्यानंतर उघड होतं. कथेच्या या शेवटाकडे बोट दाखवून बरेचजण तिचा अर्थ उलटा लावतात: तो देव होता म्हणून युधिष्ठिर वाचला. पण निर्णय घेताना युधिष्ठिराला हे माहीत नव्हतं. त्याच्यासमोर एक साधं कुत्रं होतं. ते जातिवंत होतं का, त्याने कधी राखण केली होती का, याबद्दल तिथे चकार शब्द निघत नाही. ते पिल्लूही नसावं, कारण हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंतची वाट ते चालून आलं होतं. त्याचा हक्क एवढाच होता की ते सोबत आलं होतं.

याच ग्रंथाच्या सुरुवातीला, आदिपर्वात, दुसरं एक कुत्रं आहे. जनमेजय राजाच्या यज्ञसत्रात सरमा या कुत्रीचं पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला मारहाण करतात. ते रडत आईकडे जातं. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलंही नव्हतं आणि त्याला तोंडही लावलं नव्हतं. सरमा राजाच्या सभेत येऊन विचारते, माझ्या निरपराध मुलाला का मारलं? कुणी उत्तर देत नाही, आणि अनपेक्षित भयाचा शाप देऊन ती निघून जाते. आरंभीच्या यज्ञातून कुत्र्याला हाकललं जातं आणि अखेरीला कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला जातो. या दोन टोकांच्या मध्ये भारतीय युद्ध आहे. महाभारतकाराला सत्तेची परीक्षा कुठे घ्यायची ते ठाऊक होतं.

नाट्यात आणि साखरीनाट्यात हिंदूंप्रमाणे मुसलमान कुटुंबंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत, समुद्रावर जगणारी. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई परंपरेचे. या परंपरेत कुत्र्याची लाळ अपवित्र मानली जाते. भांड्याला ती लागली तर ते सात वेळा धुवायचं, त्यातलं एक धुणं मातीने. त्यामुळे घरात कुत्रं नको, असं एखाद्या आजीने म्हटलं तर त्यामागे तिची श्रद्धा असते, क्रूरपणा नसतो. त्याच धर्मात तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून चामडी मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला ईश्वराने क्षमा केली, अशी हदीस आहे. कुराणाच्या ‘कहफ’ या सुऱ्यात गुहेत झोपी गेलेल्या श्रद्धावंतांसोबत त्यांचं कुत्रंही आहे, गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेलं. आणि शिकारीसाठी, गुरांसाठी, शेतीच्या राखणीसाठी कुत्रं बाळगायला हदीसमध्ये सवलत आहे. म्हणजे स्वयंपाकघर बंद असलं तरी आंब्याची बाग बंद नाही.

घर म्हणजे माणसाच्या बिछान्याशेजारची जागा, हे शहरी चित्र कोकणात लागू करायची गरजच नाही. इथे पडवी आहे, खळं आहे, बागेतला मांगर आहे. कुत्र्याला हवी असते ती ठरलेली जागा, ठरलेला माणूस, ठरलेलं जेवण आणि आजारपणात डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी. शुचितेचे नियम पाळणाऱ्या हिंदू किंवा मुसलमान घराला एवढं सगळं उंबरा न ओलांडता देता येतं.

मुंबईच्या इतिहासातही हा प्रश्न एकदा रस्त्यावर आला होता. जून १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत होते. पारशी समाज खवळून उठला. त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी लागते आणि वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. हिंदू, जैन आणि मुसलमानही या विरोधात सामील झाले, बाजार बंद पडले, सैन्य बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांसारख्या पारशी व जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. रस्त्यावरच्या जनावरांना मरणातून वाचवण्यासाठी अनेक धर्मांच्या माणसांनी मिळून काढलेला तो मार्ग होता.

पांजरापोळीने जीव वाचतो. आजच्या निवाऱ्यातही तेच घडतं, आणि तिथे राबणाऱ्या माणसांचं मोल मोठं आहे. पण पन्नास कुत्र्यांमधलं एक म्हणून जगणं आणि कुणाचं तरी म्हणून जगणं यांत फरक आहे. कुत्रा ही प्रजाती किमान पंधरा हजार वर्षं माणसाच्या सोबतीने घडत आली आहे. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत माणसांसोबत पुरलेले कुत्रे सापडले आहेत. हे अवलंबून राहणं माणसानेच त्याच्या रक्तात रुजवलं. म्हणून कुत्र्याचं शरण येणं नुसती काव्यातली कल्पना ठरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गावात लहान मुलं आहेत, कुत्री चावतात, रेबीज एकदा अंगात प्रकटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या आईचं मूल शाळेच्या वाटेवर कुत्र्यांच्या टोळक्याला घाबरतं, तिला भूतदयेचं प्रवचन ऐकवणं हा अधर्म होईल. पण इथे तिची बाजू आणि या कुत्र्याची बाजू विरोधात नाहीत. लस टोचलेलं, नसबंदी केलेलं, एका घराशी बांधलेलं शांत कुत्रं त्या टोळक्यात भर घालत नाही. रस्त्यावरच्या दयेला जबाबदार कोण, ते कधी ठरत नाही. घरच्या कुत्र्याला जबाबदार माणूस असतो.

बंदरावरचं प्रत्येक कुत्रं उचलून घरात कोंडावं, असा याचा अर्थ नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडायचं असतं. आपल्या टापूत रुळलेल्या कुत्र्याला तीच जागा मानवते. ज्याला परत जायला जागाच उरलेली नाही, त्याची गोष्ट वेगळी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राणिप्रेमींना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आणि सोबत अट घातली: घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. युधिष्ठिराने इंद्राला जे सांगितलं, त्याचं हे कायद्यातलं रूप म्हणता येईल.

प्रौढ कुत्रं घेण्यात व्यावहारिक शहाणपणही आहे. पिल्लू पुढे कसं निघेल, ते सांगता येत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसत असतो: मुलांजवळ ते कसं वागतं, गुरांमागे धावतं का, कोंबडी पाहून काय करतं. प्राणिसेवक साधारण तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा अंदाज सांगतात. पहिले तीन दिवस ते बावरलेलं असतं, कदाचित जेवतही नाही. तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम त्याच्या अंगवळणी पडतो. आपलेपणा यायला तीन महिने लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘हे काही रुळत नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कुत्र्यावर दुसऱ्यांदा टाकलं जाण्याची वेळ येते, आणि दोष त्याचा नसतो.

नाट्यासारख्या गावात दत्तक देणाऱ्याने विचारायचे प्रश्न त्यामुळे शहरापेक्षा वेगळे असतील. घर वर्षभर उघडं असतं, की गणपती, शिमगा आणि मे महिन्यापुरतं? चाकरमान्यांच्या मुलांनी सुट्टीत लळा लावला आणि जूनमध्ये घराला कुलूप लागलं, तर त्या कुत्र्याची अवस्था मासेमारी बंदीतल्या बंदरावरच्या कुत्र्यासारखीच होईल. हापूसच्या बागेत माकडं आणि रानडुकरं हुसकायला ते हवं असेल, तर रात्री त्याला मांगरात दार लावून ठेवणार, की उघड्यावर बिबट्याच्या तोंडी सोडणार? पावसाळ्यात कोरडी जागा कुठे? गोचीड, जखम, दरवर्षीची रेबीजची लस हे कोण पाहणार? घरातली म्हातारी माणसंच त्याला सांभाळणार असतील, तर त्यांच्यानंतर कोण? आणि ते म्हातारं होऊन राखण करेनासं झालं, तरी त्याचं ताट चालू राहील ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देवळात किंवा मशिदीत कुणी तपासायला येणार नाही. म्हणून तो कागदावर सही घेण्याआधी, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून विचारावा. एखादं कुटुंब त्यावर गप्प झालं, तर त्याला महिनाभराचा वेळ द्यावा आणि तोवर ते कुत्रं निवाऱ्यातच राहू द्यावं. आणि जे कुटुंब हो म्हणेल, त्याच्याकडे तीन महिन्यांनी कुणीतरी फेरी मारून यावी.