कवचाचा न्यास

दहाव्याचं पिंडदान आटोपलं, कावळा शिवला, की घरची माणसं माझ्याकडे बघतात. गुरुजींनी आता काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असते. मग मी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक म्हणतो आणि अर्थ सांगतो. जुनं वस्त्र टाकून माणूस नवं नेसतो, तसा आत्मा जीर्ण देह टाकून दुसरा घेतो. पनवेल, पेण, उरण या पट्ट्यात भिक्षुकी करताना हा श्लोक किती वेळा म्हटला त्याची मोजदाद नाही. लोक मान डोलावतात. त्या घाटावर, त्या वेळी, त्या श्लोकाइतकं उपयोगी दुसरं काही माझ्या पोतडीत नाही, हेही खरं.

माझी अडचण जरा वेगळी आहे. माझं वस्त्र जीर्ण झालेलं नाही, ते मला मोठं होतंय. ते टाकता येत नाही, आणि टिपा मारून आत घेताही येत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझं वजन 118 किलो होतं. आज 71 आहे. 118 कसं झालं हे भिक्षुकाच्या घरी विचारू नये. सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापानं होतो, जितका रवा तितकं साजूक तूप आणि तितकीच साखर, आणि केळं वेगळं. ‘गुरुजी, नाही म्हणायचं नाही’ असं म्हणत यजमानीणबाई दुसरी वाटी ठेवतात. विमानतळ येणार म्हणून करंजाडे, उलवे, कामोठे भागांत इमारती उठल्या, तेव्हा एका दिवसात दोन-दोन वास्तुशांती केल्या आणि दोन्हीकडे पुरणपोळी जेवलो. शेवटी रक्तात साखर सापडली. मग डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचवलेली पद्धत धरली: दिवसातून दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत ताट संपवायचं. आमच्या धंद्याला ती सोयीची पडते. पूजा होईपर्यंत उपास असतोच. जोडीला वडाळे तलावाभोवती चालणं.

साखर उतरली, पोट गेलं, गुडघे बोलायचे थांबले. दंडाखालची कातडी मात्र राहिली. डॉक्टरांनी समजावलं की कातडीत कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू असतात. वर्षानुवर्षं ताणून राहिले की त्यांची मागे येण्याची ताकद जाते, आणि पन्नाशी उलटल्यावर तर विचारूच नका. चरबी गेली तरी तिच्यासाठी वाढलेली कातडी जागच्या जागी. मलमं चोळून काही होत नाही. डंबेल्स मारून दंडाच्या मागचा स्नायू भरला तर थोडा फरक पडतो. तो मी भरतो आहे. फरक थोडाच आहे.

दुसरा कोणी असता तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मोकळा झाला असता. आम्हाला ती सोय नाही. सोवळं नेसायचं, वर उघडं बसायचं. उपरणं दोन्ही दंडांवरून ओढून घेतलं तर आहुती देताना घसरतं, आणि होमापुढे लोंबतं कापड नको. हात वर केला की दंडाखाली झोळ पडतो आणि आरतीला टाळ्या वाजवताना तो टाळ्यांच्या अर्धा ठोका मागे हलतो. करंजाड्यातल्या एका घरी चार-पाच वर्षांच्या मुलीनं भर मंत्रपुष्पांजलीत विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला पंख आहेत?’ तिच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला तो प्रश्न आवडला. मोठ्या माणसांच्या चौकशा तेवढ्या आवडत नाहीत. ‘गुरुजी, तब्येत बरी आहे ना?’ असं विचारताना आवाज उतरलेला असतो, म्हणजे मनात कुठला आजार धरलाय ते कळतं. एका घरी तर उदकशांतीला परस्पर दुसरे गुरुजी ठरले. तुम्हाला त्रास नको म्हणून, असं नंतर सांगण्यात आलं.

हे सगळं सोसण्यासारखं आहे. खरी खोच लागते ती पहाटे, आसनावर, एकटा असताना. षडंगन्यासात हृदय, मस्तक, शिखा झाल्यावर कवचाचा न्यास येतो. दोन्ही हात छातीपुढे एकमेकांवरून न्यायचे आणि दंडांना, खांद्यांना स्पर्श करायचा. अंगावर चिलखत चढवल्याची ही खूण. पूर्वी हाताला घट्ट दंड लागायचा. आता तळव्यात कातडी येते, मऊ, गार, सैल, बोटांनी थोडी सरकवली तर सरकते. रुद्राला बसण्याआधी भस्म लावतो, तेव्हा दंडावरचे तीन पट्टे सरळ उमटत नाहीत. बोटं पुढे जातात, कातडी त्यांच्याबरोबर जाते, आणि सोडल्यावर पट्टे नागमोडी होतात. उन्हाळ्यात काखेखाली घड्यांत घाम साचून चट्टे उठतात आणि त्यावर पावडर टाकून सोवळ्यात बसावं लागतं. पनवेलची हवा, त्यात होमाची धग.

तर प्रश्न असा: हे टोचतं, याला देहबुद्धी म्हणायचं का? आणि म्हणायचं असेल, तर घाटावर वस्त्राचा दाखला देण्याचा मला काय अधिकार?

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना माऊलींनी म्हातारपणाचं वर्णन केलंय. अवयव एकेक करून कसे ढिले पडतील, हे इतक्या बारकाईनं, की वाचताना आरसा समोर धरल्यासारखं होतं. ज्ञानेश्वरी 1290 ची. लिहिणाऱ्याचं वय, परंपरेनं मानलेलं जन्मसाल धरलं, तर पंधरा. ज्याच्या अंगावर एक सुरकुती नव्हती, तो हे आधी बघून ठेव म्हणून सांगतो. यात तक्रार नाही, दंडवतच आहे. पण माझ्या बाबतीत हिशेब उलटा झालाय. रक्तदाब तरुणासारखा, चाल पूर्वीपेक्षा झपाझप, आणि दंड ऐंशीच्या म्हाताऱ्याचे. म्हातारपण सगळ्या देहाला एकदम येतं ही आपली समजूत. इथे ते एका भागात आगाऊ येऊन बसलंय आणि बाकीचे भाग त्याला ओळखही देत नाहीत.

माझी भिस्त नाथांवर आहे. एकनाथी भागवत 1573 साली काशीत पुरं झालं, भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका. त्यात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो: पृथ्वी, वायू, अजगर, पिंगला, मधमाशी असे. ती यादी सगळ्यांना पाठ असते. कीर्तनकारही तिथेच थांबतात. पण नवव्या अध्यायात चोवीस संपल्यावर अवधूत आणखी एक गुरू सांगतो, तो म्हणजे स्वतःचा देह. यावर नाथ जे म्हणतात त्याचा भावार्थ असा, की देहाला निंद्य म्हणून टाकशील तर मोक्षाचं सुख हातचं घालवशील, आणि वंद्य म्हणून भोगत बसशील तर नरकात जाशील. दोन्ही नको, त्याच्याकडून काम करून घे.

आपल्याकडे वैराग्याच्या नावावर किळस खपवली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. देह म्हणजे हाडामांसाची गाठोडी, कातड्याची पिशवी, असं ऐकवलं की श्रोते खूश होतात. पण किळस करायची तर देहाकडे टक लावून बघावं लागतं. जिमच्या दारावर पिळदार दंडाचा फलक असतो, तोही टक लावूनच बघायचा. दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली. किळस येणारा माणूस देहातून सुटलेला नसतो. तो देहाशी भांडत बसलेला असतो, आणि भांडण हाही संबंधच.

तलावाकाठी फिरताना एक निवृत्त शिक्षक भेटतात, बौद्ध आहेत. त्यांना हे बोललो तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडे श्रामणेर दीक्षा देताना पाच गोष्टी ध्यानाला देतात: केस, अंगावरची लव, नखं, दात आणि शेवटी त्वचा. मी विचारलं, त्वचेशीच का थांबता? म्हणाले, माणूस माणसाचं तेवढंच बघतो. पुढे म्हणाले, पण तथागतांनीही उपास करकरून पोटाची कातडी पाठीच्या कण्याला लावली होती, आणि मग खीर घेतली. लाहोरच्या संग्रहालयात त्या उपाशी बुद्धाची गांधार शैलीतली मूर्ती आहे. त्यांनी फोनवर तिचं चित्र दाखवलं. बरगड्या, शिरा, खोल गेलेलं पोट. शिल्पकारानं ते कुरूप म्हणून लपवलं नाही, आणि बुद्धानं ते थोर म्हणून चालू ठेवलं नाही.

अवधूत आणखी एक गोष्ट म्हणतो: हा देह परक्याचा आहे. अर्थ सरळ आहे, शेवटी तो कोल्ह्या-कुत्र्यांचा. मला त्यात जिवंतपणीचाही अर्थ दिसू लागलाय. दंडाची खालची बाजू माझी मला दिसतच नाही. मान वळवली तरी नीट दिसत नाही, आरसा लागतो. ती दिसते यजमानांना, मागे बसलेल्या बायकांना, त्या करंजाड्याच्या मुलीला. म्हणजे ज्याची लाज मी वाहतो, ते बघण्याचं काम दुसऱ्यांचं आहे. माझ्या वाट्याला त्याचा स्पर्श आला, तोही पहाटे, मंत्रासकट.

म्हणून ही कातडी काढून टाकायची शस्त्रक्रिया करू नये असं निघतं का? मला तसं वाटत नाही. 1792 च्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते, आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिगत चित्रासह छापून आली. युरोपातल्या शल्यविशारदांनी तिथून धडे घेतले. पेशवाईतलं पुणं, शास्त्री-पंडितांची वाण नाही, पण नाक हवं असणं ही कावसजीची देहबुद्धी आहे असं कुणी त्याला ऐकवलं असेल, असं मला वाटत नाही. ऐकवलं असतं तर ऐकवणाऱ्याला नाक होतं म्हणून. माझा दंड म्हणजे कावसजीचं नाक नव्हे, हे कळतं. माझा कुणी छळ केलेला नाही. पण कातडी सारखी करावीशी वाटणं आणि आत्मा न कळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचं माप निघत नाही.

डॉक्टरांनी सगळं स्वच्छ सांगितलंय. जादा कातडी कापून काढतात. काखेपासून कोपरापर्यंत दंडाच्या आतल्या बाजूनं टाक्यांचा व्रण राहतो, तो फिका होतो, जात नाही. शोभेची शस्त्रक्रिया म्हणून विमा सहसा पैसे देत नाही. वजन आधी काही महिने एका जागी थांबलेलं हवं. मी घरी येऊन बरंच काही बोललो, नाथांचा दाखलाही दिला. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, ‘अहो, नाही करायचं तर नका करू. पण पैशासाठी नाही केलं म्हणा. वैराग्यावर घालू नका.’

पैशाची जुळणी होईल. अडचण हातांची आहे. टाके घातल्यावर काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे आहुती नाही, आरती नाही, मिळकत नाही. श्रावणात सत्यनारायण, भाद्रपदात गणपती आणि लगोलग पितृपक्ष, मग नवरात्र, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची रांग. करायचीच झाली तर पौषात. पौषात लग्नं नसतात, वास्तू नसतात, आणि थंडीत जखमेला घामही कमी येईल.