शेवटी चालणारा



आमच्या रिचमंड हिलच्या नावात ‘हिल’ आहे, पण डोंगर म्हणावा असा येथे एकही नाही. गावाच्या उत्तरेला ओक रिजेस मोरेन हा उंचवटा आहे, तोही हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या वाळूगोट्यांचा. खरा डोंगर चढायचा तर आमची मुले पश्चिमेला रॉकी पर्वतात जातात.

गेल्या उन्हाळ्यात माझा नातू पाच मित्रांबरोबर तिकडे गेला होता. बर्फाचा उतार ओलांडल्यावर सुट्या दगडांची घसरण लागली. तेथे एकाचे पाय लटपटू लागले. शिखर तासाभरावर होते. त्याला खडकाच्या आडोशाला बसवून बाकीचे वर गेले, दोन तासांनी परतले, सगळे सुखरूप घरी आले. तरी नातवाने मला विचारले, “आजोबा, आमचे चुकले का? तो स्वतःच ‘तुम्ही जा’ म्हणाला होता.”

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. अलिबागजवळचे खंडाळे आपल्याला एलियाहू हन्नाबीच्या खडकामुळे ठाऊक आहे. तेथूनच सागरगडाची वाट चढते. शिक्षक असताना एका पावसाळ्यात मी मुलांची सहल त्या गडावर नेली. एक अशक्त मुलगा मागे पडू लागला, तेव्हा मी त्याला झाडाखाली बसवून म्हणालो, “आम्ही येईपर्यंत हलू नकोस.” परतलो तो मुलगा तेथे नव्हता. धुके उतरल्यावर भिऊन तो एकटाच निघाला होता. संध्याकाळी खाली गावात सापडला. मी का गेलास म्हणून विचारले तेव्हा म्हणाला, “सर, मला वाटले तुम्ही विसरलात.” त्याला मी ‘चालेल ना?’ असेही विचारले होते, आणि त्याने मान हलवली होती. चाळीस जणांचा खोळंबा आपल्यामुळे होतो आहे हे ज्याला दिसते, तो दुसरे काय म्हणणार? थकलेल्याच्या संमतीत लाजेचा वाटा किती, हे नेणाऱ्याने ओळखायचे असते.

प्रत्येक वेळी देव सांभाळून घेतोच असे नाही. ११ जुलै १९५५ रोजी लेक लुईसजवळच्या माउंट टेंपलवर अमेरिकेहून आलेली ११ मुले बर्फाच्या उतारावर होती. बरोबरचा मोठा माणूस खालीच थांबला होता. सगळ्यांत मिळून बर्फाची कुऱ्हाड एक. दुपारच्या उन्हाने बर्फ सुटला आणि ७ मुले गेली. कॅनडाच्या डोंगरांतील बचावकार्याला त्यानंतर नीट शिस्त आली.

कोणी म्हणेल, दुसऱ्यासाठी आपला जीव घालवावा काय? आपल्या शास्त्राने हा प्रश्न टाळलेला नाही. वाळवंटात दोघे आहेत आणि पाणी एकालाच पुरेल इतके आहे. अशा वेळी ज्याच्या हाती पाणी आहे त्याचा जीव आधी, असा रब्बी अकिवांचा निर्णय तलमुदात आहे. जीव विरुद्ध जीव हा प्रश्न खरोखर कठीण आहे. पण शिखर म्हणजे जीव नव्हे. मे २०१२ मध्ये नादाव बेन येहुदा हा २४ वर्षांचा इस्राएली तरुण एव्हरेस्टच्या माथ्यापासून सुमारे ३०० मीटरांवर असताना त्याला आयदिन इरमाक हा तुर्की वंशाचा गिर्यारोहक बेशुद्ध पडलेला दिसला. तुर्कस्तान आणि इस्राएल यांचे संबंध तेव्हा बिघडलेले होते. नादाव मागे फिरला व त्याला तासन् तास ओढत, उचलत खाली घेऊन आला. हिमदंशाने त्याच्या बोटांना इजा झाली, शिखर राहिले.

सुट्या दगडांच्या वाटेवर आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथे पुढच्याच्या पायाखालचा दगड मागच्याच्या डोक्यावर येतो, आणि पुढच्याला ते कळतही नाही. म्हणून जाणती माणसे एकमेकांच्या थेट खाली चालत नाहीत, आणि दगड सुटला की ओरडून सांगतात. पुढे गेलेल्याची जबाबदारी पुढे गेल्याने संपत नाही. परदेशी आधी पोहोचलेल्या आपल्यासारख्यांनीही हे लक्षात ठेवावे.

अमालेकाने आपल्या पूर्वजांवर हल्ला केला तो दमून मागे राहिलेल्यांवर. पुढे तोरात छावण्यांचा क्रम लावून दिला आहे, त्यात सर्वांच्या मागे दानाचा वंश. तो लहानसहान वंश नव्हता. संख्येने यहूदाच्या खालोखाल होता. अशा बळकट वंशाला शेवटी ठेवले, याचा अर्थ मी असा घेतो की मागे राहणे हे दुबळ्याचे नशीब नसून सबळाचे काम आहे.

शेवटी नातवाला एवढेच म्हणालो, “बाळ, त्याने ‘जा’ म्हटले हे खरे. पण त्याच्याजवळ एकाने बसायचे होते. आणि कोण बसणार, हे खाली, घरून निघतानाच ठरवायचे होते.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मी बसलो असतो का, कोण जाणे.”

मी त्याला सागरगडाची गोष्ट तेव्हाच प्रथम सांगितली.