चौकटीचा रंग

लातूरच्या आमच्या घराला जी सागवानी दार-चौकट आहे, ती किल्लारीच्या बाजूच्या आजोळातून आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा ती माळवदाच्या घराला होती. त्या भागातली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचा भला थोरला थर. माणसं गेली ती या दगड-मातीखाली. जिथे छताचा भार भिंतींवर नसून खणाच्या खांब-तुळयांवर होता, तिथे मात्र भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याचं नंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी नोंदवलं. लाकडाबद्दल आमच्या घरात माया आहे ती तेव्हापासून.

गेल्या मे महिन्यात या चौकटीला स्टेन लावला आणि पहिल्याच हातात ती चितकबरी झाली. उंबऱ्याशी फिकट, खांबांच्या टोकांना काळपट, मध्ये आडवेतिडवे पट्टे. घरातून एकच सूर निघाला : गडद रंगाचा आणखी एक हात मारा, झाकून जाईल. पण ज्या कारणाने रंग एके ठिकाणी जास्त मुरला आणि दुसरीकडे मुरलाच नाही, ते कारण दुसऱ्या हातानंतरही तिथेच असतं. कारणं वेगळी, म्हणून इलाजही वेगळे.

पट्टे आमच्या हातचे होते. लातूरच्या उन्हात स्टेन चिंधीने पुसायच्या आत वाळतो आणि वाळलेल्या कडेवर पुढचा हात चढला की तिथे दुहेरी रंग बसतो. रंग ओला असता तर थिनरच्या चिंधीने सारखा करता आला असता. वाळल्यावर १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, तोही रेषांच्याच दिशेने. आडवा घासला की चरे पडतात आणि चऱ्यांत रंग साचतो. टोकांचं तसं नाही. उसाचं कांडं कापल्यावर नळ्या दिसतात, तशा लाकडाच्या छेदात उघड्या असतात, त्या रंग पितात. तिथे आधी पातळ सीलर द्यायला हवा होता.

नांदेडहून आलेले सुतारकाका नव्या सागावर काम करणारे. साग मुळातच तेलकट, आधी थिनरने पुसा, असं ते सांगत होते. फळीच्या कडेचा पांढरा भाग रंग वेगळा धरतो, म्हणून जोडणीच्या वेळीच फळ्या निवडाव्या लागतात. नव्या कपाटावर डाग राहिला तर ते आपलं काम चुकलं असं मानतात, आणि ते मला पूर्ण पटतं. हातून झालेल्या चुकीला लाकडाचा स्वभाव म्हणून खपवू नये.

उंबऱ्याचं मात्र काय करायचं? किती दिवाळ्यांचं तेल, रोजचं हळदकुंकू तिथे मुरलंय. तेल रंगाला आत शिरू देत नाही. खिळ्यांभोवतीची काळी वलयं म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा संयोग, ती ऑक्झॅलिक आम्लाने निघतात. तेल काढायचं तर बरंच लाकूड घासून काढावं लागेल. एकसारख्या रंगाची किंमत लाकडाच्या जाडीत मोजावी लागते, हे आपण विसरतो. सनमायकावर छापलेल्या रेषा बघून बघून डोळ्याला एकसारखेपणाची सवय झाली आहे. प्लायवुडवरच्या व्हिनिअरचा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे घासत बसलं की खालचा थर दिसतो. आमच्या गणेशपट्टीवरचं कोरीवकाम तर दोन वेळा घासण्यातच बोथट होईल.

शेवटी खांब पूर्ण घासून नव्याने रंगवले, सकाळी आठच्या आत, एका वेळी एकच बाजू. गणेशपट्टी नुसती पुसली. उंबऱ्याला पेपर लावला नाही. कडीजवळ तळहाताएवढा एक काळसर भाग आहे, घरातल्या माणसांनी दार लोटून लोटून झालेला. सुतारकाकांनी तो बोटाने चाचपला, पेपर खिशात ठेवला आणि दुसऱ्या खांबाकडे वळले.